धुक्याखालचा उतार

१

भट्टी उघडायच्या दिवशी वेनशिऊ सकाळी काही खात नसे. नेम वगैरे काही नव्हता. चाळीस वर्षांत तिला एवढंच कळलं होतं, की भरल्या पोटी वाईट बातमी ऐकली की दिवसभर मळमळतं, आणि भट्टीतून वाईट बातमी येणं या धंद्यात रोजचंच. म्हणून ती नुसतं गरम पाणी प्यायची, केस घट्ट बांधायची आणि गल्लीच्या टोकाला हुओशेंगच्या भट्टीवर जाऊन बाकावर बसायची.

हुओशेंगकडे अख्ख्या गल्लीचं काम भाजायला येई. कोंबडे काढलेले वाडगे, हॉटेलांच्या बशा, देवळातली उदबत्तीची भांडी, आणि महिना-दोन महिन्यांतून वेनशिऊचं एखादं डोंगर-पाण्याचं चित्र. कच्च्या चिनीमातीवर कोबाल्टने काढायचं, वर झिलई चढवायची आणि भट्टीत घालायचं. काढताना रंग चुलीतल्या राखेसारखा मळकट दिसतो. निळा होतो तो आत, कुणी बघत नसताना.

या खेपेला काम मोठं होतं. दीड मीटर लांबीची पाटी आणि तिच्यावर थांगपेई, वेनशिऊचं गाव. शेहेचाळीस वर्षांपूर्वी धरण झालं आणि थांगपेई पाण्याखाली गेलं. आता तिच्या लो घराण्याने वर डोंगरावर पूर्वजांचं नवं देऊळ बांधलं होतं. हिवाळ्यातल्या सगळ्यात लहान दिवशी, पूर्वजांना जेवण वाढायच्या सणाला ते उघडायचं होतं. समोरच्या भिंतीवर बुडालेलं गाव हवं आणि त्याखाली दगडात कोरलेली घराण्याची नावं, असं ठरलं होतं.

वेनशिऊने सौदा केला होता. देवळाचं सगळं पाचवे काका बघायचे. त्यांना ती म्हणाली होती, "मजुरी नको मला. त्या दगडावर लाइतीचं नाव घाला."

लाइती म्हणजे तिची थोरली बहीण. लग्नाआधीच, अठराव्या वर्षी तापाने गेली. लाइती या नावाचा अर्थ 'भावा, ये'. पहिली मुलगी झाली म्हणून आईबापांनी असं नाव ठेवलं होतं. पुढे भाऊ आला. ज्याला बोलावलं त्याचं नाव दगडावर सगळ्यात आधी ठरलं, आणि बोलावणारीचं कुणाच्या लक्षातही आलं नाही.

"बघू, करू," काका म्हणाले होते. त्यांच्या तोंडी याचा अर्थ हो असाच होतो, असं वेनशिऊने धरून चाललं होतं.

हुओशेंगने दार ओढलं. उरलीसुरली धग बाहेर आली. दोघांनी हातमोजे घालून पाटी बाहेर काढली आणि भिंतीला टेकवली. डोंगर उत्तम आले होते. जुन्या देवळाचं छप्पर, कापराचं झाड, पायऱ्यापायऱ्यांची घरं, सगळं जागच्या जागी होतं. गावामागचा उतार तिने नेहमीसारखा धुक्यात सोडला होता. तोही स्वच्छ पांढरा आला होता.

"बाई, झकास की. मग तोंड का असं?" हुओशेंग म्हणाला.

"ओढा रुंद झालाय."

या चित्रांत पाणी काढत नाहीत, सोडतात. दोन काठ काढले की मधला कोरा भाग म्हणजे पाणी. वेनशिऊने बोटभर ओढा सोडला होता. आता तो चार बोटं होता. काठावरच्या भातखाचरांच्या रेघा नव्हत्या.

"वर डोंगरात पाऊस झाला असेल," हुओशेंग म्हणाला आणि स्वतःच हसला.

२

पाटी घरी आणून तिने आधीचा खाका बाहेर काढला. मोठ्या कामाला आधी कागदावर चित्र करायचं, रेघांवर सुईने भोकं पाडायची आणि कोळशाची पूड थापून ते मातीवर उतरवायचं. खाका खोटं बोलत नाही. तिने तो पाटीवर धरला. भातखाचरांची सात भोकांची रांग होती आणि तिच्याखाली नुसतं पांढरं होतं.

तिने रीतसर विचार केला. कोबाल्ट पातळ झाला असेल. झिलई खालच्या बाजूला जाड बसली असेल. भट्टीचा तळ जास्त तापला असेल. तिन्ही गोष्टी होतात. एकाच वेळी, एकाच ठिकाणी, अशी सरळ कड धरून होत नाहीत एवढंच. ती कड तिने बोटाने चाचपली. जिथे रेघ संपत होती तिथे ती विरली नव्हती. बुडाल्यासारखी आडवी कापली गेली होती.

मग तिने टिचकी मारली. भट्टीतून आलेली वस्तू अशी वाजवून बघतात. खणखणीत वाजली तर चांगली, बद्द वाजली तर कुठेतरी तडा. पाटी बद्द वाजली. वेनशिऊने भिंग घेऊन इंच इंच बघितलं. तडा नव्हता.

दुपारी भाऊ आला, शिंगवांग. बावन्न वर्षांचा झाला तरी बहिणीच्या घरात शिरला की पहिल्यांदा स्वयंपाकघरात जाऊन पातेल्यांची झाकणं उघडायचा. खारवलेल्या मोहरीच्या पाल्यातलं डुकराचं मांस वाडग्यात वाढून घेऊन तो पाटीसमोर उभा राहिला.

"मस्त झालंय, ताई. आमचं घर कुठलं?"

"आमचं काय, आपलं. ते डावीकडचं, तिसरं."

"मला काही आठवत नाही बघ. मी सहा वर्षांचा. मला फक्त रांजण आठवतात. ट्रकभर."

रांजण सगळ्यांनाच आठवत. त्या मुलखात माणसाला दोनदा पुरतात. एकदा मातीत, आणि काही वर्षांनी उकरून, हाडं धुऊन, वाळवून, रांजणात बसवून. पाय खाली, डोकं वर, जसा माणूस बसतो तसा. धरणाचा हुकूम आला तेव्हा अख्ख्या गावाने आपले पूर्वज उकरले. पंधरा दिवस बायका ओढ्यावर हाडं धूत होत्या. मग रांजण ट्रकात चढले आणि त्यांच्यामागे जिवंत माणसं चढली.

"ओढा जरा मोठा काढलायस का?" शिंगवांग म्हणाला.

"पुन्हा काढतेय सगळं."

"कशाला? कोण बघतंय? देवळात येऊन लोक आपापलं नाव शोधणार आणि जेवायला बसणार."

तो गेल्यावर ती पाटीकडे पाठ करून ब्रश धूत बसली. मागे पाण्याचा आवाज येत होता. काठाला पाणी हलकं हलकं लागावं तसा. शेजारीण भाजी धूत असेल, असं तिला वाटलं. मग आठवलं, की ती मुलीकडे गेली होती आणि तिच्या दाराला कुलूप होतं. नळ टपकत असेल, ती मनाशी म्हणाली, आणि आवाज असताना उठून बघायला मात्र गेली नाही.

३

दुसरी पाटी काढायला अकरा दिवस लागले. कोबाल्ट तिने दुपटीने घट्ट घेतला. ओढा अर्ध्या बोटाचा ठेवला. खाचरांच्या रेघा इतक्या दाबून काढल्या की हुओशेंग म्हणाला, "हे शेत आहे की तुरुंगाचे गज?"

भट्टी उघडली. पांढरं आता देवळाच्या पायरीपर्यंत आलं होतं. ओढ्याकाठची घरं नव्हती. कापराच्या झाडाचा वरचा अर्धा भाग पांढऱ्यातून बाहेर डोकावत होता. त्यांचं घर, डावीकडचं तिसरं, नुसतं छपरापुरतं उरलं होतं.

त्याच भट्टीत पाटीच्या दोन्ही बाजूंना कोंबड्यांचे वाडगे होते. एकाही कोंबड्याचं पीस गेलं नव्हतं.

"गॅस नीट होता. आच नीट होती," हुओशेंग म्हणाला. या वेळी तो हसत नव्हता. त्याच्या भट्टीच्या अब्रूचा प्रश्न होता. "मी स्वतः बसून होतो. बाई, तुमचा माल भेसळीचा असेल."

"मग वरचं बघ."

उतारावर, जिथे तिने धुकं म्हणून कोरं सोडलं होतं, तिथे निळं होतं. फार नाही. तीन ठिपके, दाट, शेजारी शेजारी. त्यांना बुडखे होते आणि पानं होती.

"उडतो कधी कधी कोबाल्ट," हुओशेंग म्हणाला. "इथून उडतो, तिथे बसतो."

"झुडपं होऊन बसतो?"

"ढगांत माणसाला काय काय दिसतं."

ती तेलचहाची झुडपं होती. बियांचं तेल काढतात ती. वेनशिऊने ती आयुष्यात कधी काढली नव्हती, आणि का काढली नव्हती हे तिला पक्कं ठाऊक होतं. चाळीस वर्षं ती थांगपेई काढत आली. प्रत्येक चित्रात तो उतार धुक्यात. त्या धुक्याला बक्षिसं मिळाली. जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात कुणीतरी लिहिलं होतं, की लो वेनशिऊच्या धुक्यात हरवलेल्या मातीची ओढ आहे. तिने ते कात्रण जपून ठेवलं होतं. लाजेची गोष्ट, पण ठेवलं होतं.

आणखी एक होतं. ती झुडपं तिच्या हातची नव्हती. तिच्या गुरूने तिला पान काढताना ब्रश टेकवून उचलायला शिकवलं होतं. ही पानं घासून काढली होती, कोळशाच्या तुकड्याने काढावीत तशी. लाइती तशी काढायची. चुलीतला कोळसा घेऊन स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोंबड्या, झाडं आणि आईची पाठ काढायची. भिंत काळी केली म्हणून मार खायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काढायची. वेनशिऊ रेघ ओढायला शिकली ती त्या भिंतीपाशी.

तिने पाटीवर गोधडी टाकली. पाटी गार, ओलसर लागली म्हणून हात पुसला आणि मग हाताकडे बघितलं. कोरडा होता.

४

पाचवे काका संत्री घेऊन आले. संत्री घेऊन आले म्हणजे नाही म्हणायला आले, हे वेनशिऊने दारातच ओळखलं.

"शिऊ, तुझ्यासाठी आनंदाची बातमी आहे," काका बसता बसता म्हणाले. ऐंशीचे होते, पण दात सगळे होते, आणि ते दाखवायची हौसही. "समितीने ठरवलं. लग्न न झालेल्या मुलींचीही नावं घालायची. काळ बदललाय. मी स्वतः मुद्दा लावून धरला. तुझं नाव येणार. जिवंत आहेस म्हणून लाल रंगात."

"आणि लाइतीचं?"

काकांनी एक संत्रं सोलायला घेतलं. "त्यात अडचण आहे."

"कसली? काळ तर बदललाय म्हणता."

"काळ बदललाय, नोंदवही नाही बदललेली. ज्याचा रांजण वर आला त्याचं नाव. सगळ्यांना एकच नियम लावला, नाहीतर भांडणं होतात. लाइतीचा रांजण आलेला नाही. वहीत लिहिलंय, 'जागा सापडली नाही'." त्यांनी तिच्यापुढे फोड धरली. "तुझी आई दोन दिवस खणत होती गं बिचारी. मी डोळ्यांनी बघितलंय. कुणी सांगू शकलं असतं तर... पण पुरणारे दोघेही तोवर गेले होते."

वेनशिऊने फोड घेतली. खाल्ली. गोड होती.

सांगायची हीच वेळ होती. एका वाक्याचं काम होतं. तिने ते वाक्य तोंडात जुळवलंही. पण दगडावर आपलं नाव लाल रंगात येणार हे तिने नुकतंच ऐकलं होतं, आणि ऐकताना पोटात काहीतरी निवलं होतं. तिला नवरा नव्हता, मूल नव्हतं. मेल्यावर आपलं काय, कुणाच्या भिंतीवर, कुणाच्या वाढलेल्या ताटात, हा विचार तिला गेली दहा वर्षं पोखरत होता. बहिणीसाठी भांडायला बसलेली बाई मनातून खूश झाली होती. तिला स्वतःची किळस आली, पण खुशी काही गेली नाही.

"बघा, जमलं तर," ती म्हणाली.

"बघू, करू," काका म्हणाले.

खरं असं होतं. आईबापांनी पोराच्या मयताला जायचं नाही अशी तिकडची रीत. बाप तर तेव्हा धरणाच्याच कामावर होता. दोन चुलत्यांनी लाइतीला उतारावर नेऊन पुरलं. लग्न न झालेली मुलगी, म्हणून ना दगड ना खूण. दहा वर्षांची वेनशिऊ लपतछपत मागे गेली होती. तीन तेलचहाची झुडपं, त्यांच्या पायथ्याशी. ती जागा तिला एकटीला ठाऊक होती.

दोन वर्षांनी उकरायचा हुकूम आला. सगळ्यांच्या कबरी जुन्या होत्या, हाडं कोरडी, स्वच्छ. दोन वर्षांत माती सगळं नेत नाही, हे ओढ्यावरच्या बायका एकमेकींना हळू आवाजात सांगत होत्या आणि बारा वर्षांच्या वेनशिऊने ते ऐकलं होतं. बहिणीला धुवायला घरच्या बायका लागणार. घरात बायका दोनच, आई आणि ती.

आई कुदळ घेऊन उतारावर चढली. "शिऊ, तुला ठाऊक आहे ना गं? तू गेली होतीस ना मागे?"

वेनशिऊने हात वर केला आणि बांबूच्या बेटाकडे दाखवलं. झुडपं तिच्या पाठीशी होती.

आई दोन दिवस बांबूत खणत राहिली. तिसऱ्या दिवशी पाणी खाचरांत आलं.

५

तिसऱ्या पाटीवर तिने धुकं ठेवलंच नाही. अख्ख्या उतारावर पाइनची झाडं काढली, खेटून, एकावर एक. गाव वरच्या अंगाला सरकवलं. ओढा वगळून टाकला. पाटीवर कुठेही बोट ठेवलं तर रेघेवर पडेल, इतकं भरून काढलं. गुरूने बघितलं असतं तर छडी मारली असती. नऊ दिवस ती रोज सकाळी बसायची ती उजेड जाईपर्यंत, आणि झोपताना पाटीचं तोंड भिंतीकडे करायची.

सणाला दोन दिवस उरले होते. भट्टी सकाळी नऊला उघडायची होती. पाटी थेट देवळात न्यायची म्हणून शिंगवांग टेम्पो घेऊन आला होता. काकाही आले होते, आणि त्यांच्याबरोबर जिल्ह्याच्या सांस्कृतिक खात्याचा एक तरुण माणूस, गळ्यात कॅमेरा अडकवलेला.

हुओशेंगने दार ओढलं, आत बघितलं आणि बाजूला झाला.

पाटी पांढरी होती. डोंगर नव्हते. देऊळ, घरं, कापराचं झाड, नऊ दिवसांची पाइनची झाडं, काही नव्हतं. कडेपासून कडेपर्यंत झिलई, नितळ, आणि तिच्यात खोलवर काहीतरी आहे असं वाटायला लावणारी. फक्त वर उजवीकडे हातभर उतार होता. त्याच्यावर तीन झुडपं. झुडपांपुढे बोटभर उंचीची एक पोरगी, केस कानापर्यंत कापलेले, झुडपांकडे पाठ, एक हात लांब केलेला. तिच्या शेजारी एक बाई, खांद्यावर कुदळ, आपल्याकडे पाठ, तोंड पोरीच्या बोटाच्या दिशेला. सगळं कोळशाने घासावं तसं काढलेलं.

"गाव कुठाय?" काका म्हणाले. "शिऊ, अगं, गाव कुठाय?"

कॅमेरावाला पुढे झाला. पाटीसमोर उभा राहिला, मागे सरकला, मान तिरकी केली. "पाण्याखाली," तो म्हणाला. "कमाल आहे. गाव पाण्याखाली आहे, म्हणून काढलेलंच नाही. काका, असं काम शहरातल्या संग्रहालयात बघायला मिळत नाही. आणि ही दोघं... आईला वाट दाखवणारी मुलगी. पुढची पिढी. मुळांकडे."

काकांनी एकवार त्याच्याकडे आणि एकवार पाटीकडे बघितलं. "तेच म्हणतोय मी," ते म्हणाले. "पहिल्यांदा कळत नाही. जरा उभं राहिलं की कळतं."

त्यांनी फोटो काढले. मग ते टेम्पोत जागा करायला गेले. हुओशेंगने हात पुसले आणि वेनशिऊकडे न बघता म्हणाला, "बाई, यापुढे तुमचं काम दुसरीकडे भाजा. राग मानू नका." आणि तोही गेला.

शिंगवांग पाटीसमोर उकिडवा बसला होता. लहानपणचं त्याला काही आठवत नाही असं तो नेहमी सांगायचा.

"आईची कुदळ आहे ही," तो म्हणाला. "दांडा वाकडा होता. ती तिकडे बांबूत खणत होती. मी रडत होतो, भूक लागली म्हणून." त्याने बोट पोरीवर ठेवलं, मग झुडपांवर. "ताई, ही झुडपं कसली?"

वेनशिऊने केसांची गाठ पुन्हा घट्ट केली.

"ताई."

"तिथे होती ती," वेनशिऊ म्हणाली. "मला ठाऊक होतं. मी खोटं दाखवलं. मला तिला धुवायचं नव्हतं."

सांगून झालं. इतकी वर्षं वाटायचं, हे बोललं तर छातीतून काहीतरी मोकळं होईल. काही झालं नाही. बाहेर टेम्पोचं मागचं फळकूट आपटल्याचा आवाज आला.

शिंगवांग उठला. गुडघे झटकले. त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर तिला बरं वाटलं असतं. पण तो हिशेबी दिसत होता, धंद्यातली अडचण निस्तरताना दिसायचा तसा.

"काकांना सांगू नकोस," तो म्हणाला.

"सांगितलं तर वहीत लिहिता येईल, की जागा ठाऊक आहे. तिचं नाव..."

"तिचं नाव येणार नाही, ताई. रांजण नाही तो नाहीच. पण तुझं जाईल. आईला फसवलेली मुलगी पूर्वजांच्या भिंतीवर कोण ठेवेल? आणि लोक मला विचारतील." त्याने आवाज खाली आणला. "आई गेली बिचारी. तिला कळलं नाही, तेच चांगलं झालं. आता कुणाला काय फरक पडतो?"

तिला नाही म्हणायचं होतं. तिने मान हलवली ती हो अशीच.

६

सणाच्या दिवशी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. मलेशियातून, तैवानमधून लो मंडळी आली होती. जे कधी थांगपेईत राहिले नव्हते ते सगळ्यात जास्त रडत होते. खात्याच्या साहेबाने मुळांवर भाषण केलं. थांगपेईची माती आपल्या रक्तात आहे, असं तो म्हणाला. ती माती चाळीस मीटर पाण्याखाली कुणी घातली यावर मात्र काही बोलला नाही. मागच्या ओट्यावर रांजण ओळीने मांडले होते. आईचा शेवटून चौथा.

पाटीच्या खाली काळा दगड होता. मेलेल्यांची नावं सोनेरी, जिवंतांची लाल. वेनशिऊने आपलं नाव शोधलं. खालून दुसऱ्या ओळीत होतं. अक्षरं सुबक कोरली होती. लाल रंग अजून ओला असावा इतका चकाकत होता. बायका तिच्या पाठीवर थाप मारून जात होत्या. पहिल्यांदाच लेकीबाळींची नावं लागली, शिऊ, तुझ्यामुळे लागली, असं म्हणत होत्या. ती हसत होती.

काकांनी तिला पुढे बोलावलं. पहिली उदबत्ती चित्रकर्तीने लावायची. तिने तीन काड्या पेटवल्या, दोन्ही हातांत धरल्या आणि वाकायच्या आधी वर बघितलं.

पांढरं तसंच होतं. उतार होता, झुडपं होती. पोरगी होती, हात लांब केलेला, बोट चित्राबाहेरच्या बांबूकडे. ती हलली नव्हती. दोन दिवसांपूर्वी भट्टीच्या दारात जशी होती तशीच होती.

कुदळवाल्या बाईची पाठ आता दिसत नव्हती. खांद्यावरची कुदळ खाली उतरवून तिने हातात धरली होती. चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा होता, कोळशाच्या दोन-तीन रेघांचा, आणि तो आईचा होता. ती बांबूकडे बघत नव्हती. ती पोरीकडे बघत होती.

"वाक ना, शिऊ," मागून काका म्हणाले. "सगळे थांबलेत."